घाबरायचं तर चारचौघांत

ऑक्टोबर संपत आला की अनेक देशांत सार्वजनिक वाचनालयांच्या आणि सामुदायिक सभागृहांच्या दारांवर एक कागद लागतो: हॅलोविननिमित्त जुने भयपट, प्रवेश विनामूल्य. त्यामागोमाग कुरबुरीही ठरलेल्या. हे चित्रपट घरबसल्या बघता येतात, मग सभागृह कशाला अडवायचं? शंभर वर्षांपूर्वीच्या भुताला आता कोण भितं? आणि भ्यालंच कुणी, विशेषतः एखादं लहान मूल, तर जबाबदारी कुणाची? वाचनालयाचा पैसा पुस्तकांवर जावा, भुताखेतांवर नव्हे, असं बजावणारा एक करदाता प्रत्येक सभेत असतोच.

या करदात्याशी मला वाद घालायचा आहे, पण त्याआधी आयोजकांशी. कारण बहुतेक ठिकाणी खुद्द आयोजकांचाच आपल्या चित्रपटावर विश्वास नसतो. वेशभूषा स्पर्धा, भोपळे कोरणं, फोटोसाठी खोट्या जळमटांचा कोपरा हे सगळं मन लावून केलेलं असतं. चित्रपट मात्र कुठून तरी उतरवून घेतलेल्या अंधूक प्रतीतून, अर्धे दिवे चालू ठेवून, एका भिंतीवर आपला चालू असतो. कार्यक्रम असाच करायचा असेल तर करदात्याचं बरोबर आहे, सभागृह दुसऱ्या कामाला द्या. भयपटाचा सार्वजनिक खेळ सार्वजनिक पैशाला पात्र ठरतो तो एकाच कारणानं: भीती ही माणसांनी मिळून अनुभवायची गोष्ट आहे आणि तशी जागा आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. हे मान्य असेल तर खेळ नीट करावा लागतो.

हॅलोविनला गावानं एकत्र येणं ही काही बाजारानं काढलेली टूम नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमधून गेलेल्या लोकांबरोबर ही रात्र अमेरिकेत पोचली तेव्हा तिच्यात खोड्यांचा भाग मोठा होता. फाटकं उचकटून न्यायची, खिडक्यांना साबण फासायचा, कुणाचं काय कुठे नेऊन ठेवायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरं फुगली तशा या खोड्या नासधुशीपर्यंत गेल्या. मिनेसोटातल्या अनोका गावानं १९२० साली त्यावर उपाय म्हणून मिरवणूक काढली आणि एरवी फाटकं उचकटणाऱ्या पोरांना त्या रात्री मिरवण्याचं काम दिलं. आजही ते गाव स्वतःला हॅलोविनची राजधानी म्हणवतं. दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागण्याची चाल देशभर रुळली ती त्यानंतर. म्हणजे सगळ्यांनी मिळून ही रात्र सांभाळायची ही कल्पना दुकानांतल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यांपेक्षा वयानं मोठी आहे.

जुने भयपट पुन्हा लोकांसमोर आले ते टीव्हीमुळे. १९५७ साली स्क्रीन जेम्स या कंपनीनं युनिव्हर्सलच्या जुन्या भयपटांचा आणि रहस्यपटांचा ५२ चित्रपटांचा संच ‘शॉक थिएटर’ या नावानं अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना विकला. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, ममी हे सगळे रात्री उशिरा दिवाणखान्यात आले आणि एका पिढीला पाठ झाले. त्याची किंमतही मोजावी लागली. मधूनमधून येऊन चित्रपटाची फिरकी घेणारे निवेदक ही त्या कार्यक्रमांची खासियत होती. त्याची सुरुवात त्याही आधी, १९५४ मध्ये, मायला नुर्मी हिनं लॉस एंजेलिसच्या एका केंद्रावर ‘व्हॅम्पायरा’ बनून केली होती. ती बाई भन्नाट होती, तिला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. पण जुना भयपट म्हणजे खिदळत बघायची गोष्ट ही सवय तिथून लागली आणि आजच्या सामुदायिक खेळांपर्यंत ती चिवटपणे टिकली आहे.

आता मुख्य मुद्दा, घरी का नको. १९४२ सालचा ‘कॅट पीपल’ घ्या. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक टूर्नर. हाताशी पैसा बेताचा, त्यामुळे श्वापद दाखवण्यापेक्षा त्याची चाहूल देण्यावर सगळी भिस्त. त्यात एक बाई रात्री रस्त्यानं एकटी चालली आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. दिव्याखालचा उजेड, मग अंधार, पुन्हा उजेड. मग मागचा आवाज बंद होतो. पहिली पावलं घाईला येतात. ती मागे वळून बघते, तिथे कुणी नाही. आणि फिस्कारल्यासारखा आवाज करत पडद्यावर घुसते ती एक बस, थांब्यावर येऊन उभी राहिलेली. बाई बसमध्ये चढते. प्रसंग संपला. कुणी कुणाचा गळा घोटला नाही, रक्ताचा थेंब नाही. प्रेक्षकाला खोट्याच गोष्टीनं दचकवण्याच्या या युक्तीला चित्रपटवाले आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

हा प्रसंग फोनवर बघितला तर काही म्हणजे काही होत नाही. तो बनला आहे शांततेचा, आणि घरात पुरती शांतता कधी नसते. पंखा असतो, शेजारच्यांचा टीव्ही असतो, मधेच आलेला मेसेज असतो. मुख्य म्हणजे हाताखाली थांबवायचं बटण असतं. भीती वाढायला लागली की बोट आपोआप तिकडे जातं. सभागृहात ते बटण कुणाकडेच नाही. तिथली शांतता प्रेक्षक स्वतः तयार करतात: दोनशे माणसं एकदम हालचाल थांबवतात आणि ते थांबणं ऐकू येतं. मग बस येते आणि दोनशे माणसं एकदम दचकतात. लगेच उठणारं हसू हे चित्रपटाला हसणं नसतं, एकमेकांना पकडलं म्हणून आलेलं असतं. अनोळखी माणसांशी इतक्या झटकन आणि इतक्या निरुपद्रवी कारणानं नातं जुळायचे प्रसंग मला फारसे माहीत नाहीत.

आपल्या साहित्यशास्त्रात हे हजार वर्षांपूर्वी सांगून झालं आहे. नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना अभिनवगुप्तानं भयानक रस उलगडायला उदाहरण घेतलं ते शाकुंतलातल्या हरणाचं. रथ मागे लागलेला, आणि ते मान वळवून वळवून बघत पळतं आहे. बघणाऱ्याला जाणवते ती भीतीच, पण ‘मी भ्यालो’ अशी नव्हे, ‘हा माझा शत्रू’ अशीही नव्हे. स्थळ, काळ, व्यक्ती गळून पडतात आणि नुसती भीती उरते, म्हणून तर तिचा आस्वाद घेता येतो. इथवरचा भाग सगळे सांगतात. पण त्याच विवेचनात अभिनवगुप्त आणखी एक गोष्ट नोंदवतो आणि ती सहसा सुटून जाते: सगळ्या प्रेक्षकांची प्रतीती एकघन, म्हणजे एकजीव, होते आणि त्यामुळे रस अधिकच पुष्ट होतो. थोडक्यात, शेजारच्या खुर्चीतला माणूस हा रसाच्या आड येणारा नाही, रसाच्या सामग्रीपैकी एक आहे. चित्रपटगृहात शेजारी कुजबुजणाऱ्यांवर वैतागणारे (त्यांत मीही आलो) हे विसरतात.

प्रयोग करणाऱ्यांनाही वेगळं काही सापडलेलं नाही. १९८६ साली डॉल्फ झिलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तोच भयपट, पण शेजारी बसलेला माणूस घाबरलेला दिसतो की निर्विकार, यावर बघणाऱ्याची मजा बदलते. त्यातले स्त्री-पुरुषांविषयीचे निष्कर्ष आज वाचताना अवघडायला होतं, कारण पुरुषाला शेजारची बाई घाबरलेली हवी आणि बाईला शेजारचा पुरुष धीट हवा असा एकूण सूर. पण शेजाऱ्यामुळे अनुभव बदलतो हे त्यातून निघतंच. २०२० मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी एका भयघरात शिरलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. मजा सर्वाधिक येते ती मध्यम भीतीला. फार कमी घाबरलं तर कंटाळा, फार जास्त घाबरलं तर मजा गायब. सामुदायिक खेळाला जुना भयपटच का निवडावा याचं उत्तर मला यात दिसतं. सोळा वर्षांची नात आणि सत्तर वर्षांचे आजोबा एका रांगेत बसणार असतील तर दोघांनाही झेपेल इतकी भीती हवी. अंगावर येणाऱ्या आजच्या रक्तपातात ते प्रमाण सापडणं कठीण आहे.

जुन्या चित्रपटांना लोक हसतात ही तक्रार खरी आहे. पण हसतात कशाला, ते तपासून बघावं. ‘नोस्फेरातू’ हा मुर्नाऊचा १९२२ सालचा मूकपट हॅलोविनच्या खेळांचा हक्काचा गडी. त्याच्या काळ्या-पांढऱ्या फुकट प्रतींमध्ये काउंट ऑरलॉक हे पिशाच्च भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून गावातून चाललेला दिसतो आणि सभागृहात खसखस पिकते, कारण याच चित्रपटात पिशाच्च शेवटी सूर्यप्रकाशानं मरतं. दिग्दर्शकाला एवढं कळलं नाही? कळलं होतं. रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित करून त्यांची फीत निळ्या रंगात बुडवायची हा त्या काळचा रिवाज होता. निळं म्हणजे रात्र, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. रंग उडालेल्या प्रतीत रात्रीचा दिवस झाला आणि कथानकच मोडलं. त्यात आणखी वेगाची भर. मूकपट आजच्या सेकंदाला २४ चौकटींपेक्षा बरेचदा हळू चित्रित झालेले असत. ते तसेच २४ नं पळवले की माणसं टुणटुण उड्या मारत चालतात. मग प्रेक्षक हसणार नाहीत तर काय करतील? ते मुर्नाऊला हसत नसतात, आयोजकांनी वाचवलेल्या पैशाला हसत असतात. रंग परत आणलेल्या, योग्य वेगाच्या प्रती आता उपलब्ध आहेत. त्या मिळवायला थोडे पैसे आणि चार पत्रं लागतात. पियानो वाजवणारं कुणी समोर बसवता आलं तर उत्तमच.

इथे तो करदाता म्हणेल, झालं, शेवटी खर्चावरच आलात. हो, आलो. वाचनालय पुस्तकं का घेतं? कारण काही गोष्टी खासगी हातांत राहिल्या तर राहतच नाहीत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा त्या देशात मूकपटांच्या काळात निघालेल्या सुमारे ११ हजार पूर्ण लांबीच्या चित्रपटांपैकी मूळ स्वरूपात टिकलेले निघाले अवघे १४ टक्के. ‘नोस्फेरातू’ तर मरायचाच होता. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी परवानगी न घेता, नावं बदलून उचलली होती. लेखकाची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. फ्लोरेन्सबाईंची बाजू न्यायाची होती, यात मला शंका नाही. पण तोवर प्रती इकडेतिकडे पांगल्या होत्या, लोक त्या लावत राहिले, आणि लावत राहिले म्हणूनच तो आज आहे. चित्रपट तिजोरीत ठेवून टिकत नाही, दाखवून टिकतो. ते दाखवण्याचं काम बाजारावर सोडलं तर बाजार दर वर्षी तेच चार चित्रपट दाखवेल.

आता मुलांचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १ ऑक्टोबर १९६८ ला प्रदर्शित झाला आणि अमेरिकेतली वयोगटांची प्रमाणपत्रं सुरू झाली १ नोव्हेंबरला. मधल्या फटीत आणि नंतरही काही दिवस तो दुपारच्या खेळांना सर्रास मुलांनी भरलेल्या थिएटरांत दाखवला गेला. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी असा एक खेळ बघून १९६९ च्या जानेवारीत लिहिलं: सुरुवातीला पोरं आनंदानं किंचाळत होती, मग थिएटर गप्प झालं, आणि एक लहान मुलगी जागच्या जागी रडत होती. त्यांचा राग चित्रपटावर नव्हता, मुलांना आत सोडणाऱ्या मोठ्यांवर होता. मला तोच राग योग्य वाटतो. दुपारी मुलांसाठी एक खेळ, रात्री मोठ्यांसाठी दुसरा, आणि दारावर स्पष्ट शब्दांत काय बघायला मिळणार ते लिहिलेलं. यासाठी समिती नेमावी लागत नाही.

मुलांना जपायच्या नावाखाली चित्रपट कापून दाखवायचा मार्ग मात्र घेऊ नये. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची गोष्ट आयोजकांनी भिंतीवर लावून ठेवावी. १९३१ सालच्या या चित्रपटात बोरिस कार्लोफनं रंगवलेला, प्रेतांच्या तुकड्यांतून जोडलेला तो माणूस तळ्याकाठी एका छोट्या मुलीबरोबर खेळतो. दोघं पाण्यात फुलं टाकतात, ती तरंगतात. फुलं संपतात. मुलगीही फुलासारखी तरंगेल असं वाटून तो तिला उचलून पाण्यात टाकतो, ती बुडते, आणि तो भांबावून हात चोळत पळत सुटतो. अख्ख्या चित्रपटातला हा सर्वांत करुण प्रसंग. सेन्सॉरवाल्यांना तो फार क्रूर वाटला. त्यांनी तिला टाकण्याचा भाग काढला आणि त्याचे हात मुलीकडे जातात तिथेच कात्री मारली. पुढच्या दृश्यांत बाप तिचं कलेवर हातांवर घेऊन गावातून येतो. मधल्या वेळात काय झालं असेल? प्रेक्षकांच्या मनात जे आलं ते मूळ प्रसंगाहून कितीतरी भयंकर होतं, आणि भोळ्या, चुकलेल्या जिवाचा सराईत नराधम झाला. कापलेला तुकडा परत जोडला गेला १९८० च्या दशकात. तोवर पन्नास वर्षं लोकांनी सेन्सॉरनं बनवलेला जास्त घाणेरडा चित्रपट पाहिला.

मुलांपेक्षा अवघड आहे तो जुन्या चित्रपटांतल्या दृष्टीचा प्रश्न, आणि तिथे आयोजक एक तर गप्प बसतात किंवा चित्रपटच यादीतून काढतात. ‘फ्रीक्स’ (१९३२) मध्ये शारीरिक व्यंग असलेले खरेखुरे सर्कस कलाकार आहेत. ब्रिटननं तो तीस वर्षं दाखवू दिला नाही. त्यात त्यांचं माणूसपण दिसतं की त्यांचा तमाशा होतो, यावर आजही एकमत नाही आणि माझंही मत बघण्यागणिक हलतं. ‘व्हाइट झोंबी’ (१९३२) मधली हैतीची माणसं म्हणजे गोऱ्यांच्या गोष्टीमागचा देखावा. पण त्याच चित्रपटात साखरेचा कारखाना आहे. झोंबी झालेले मजूर मुकाट घाणा ओढत आहेत, त्यातला एक तोल जाऊन यंत्रात पडतो आणि बाकीचे न थांबता फिरत राहतात. हा चित्रपट निघाला तेव्हा हैती अमेरिकी फौजांच्या ताब्यात होता, १९१५ पासून १९३४ पर्यंत. झोंबीची कल्पना ज्या भूमीतून आली तिथल्या लोकांची सर्वांत मोठी भीती मेल्यावरही गुलामीतून सुटका नाही ही होती. पाच मिनिटं उभं राहून एवढं सांगा आणि मग चित्रपट लावा. ऊस घाण्यात जातो त्या दृश्याकडे सभागृह वेगळ्या नजरेनं बघेल. वाचनालयानं करायचं काम हेच आहे, आणि घरच्या पडद्यावर ते कुणी करत नाही.

रोमेरोच्या चित्रपटाचंही तसंच. नायक ड्वेन जोन्स, कृष्णवर्णीय. सबंध रात्र उठून चालणाऱ्या प्रेतांपासून वाचतो आणि सकाळी बंदूकधारी जमाव त्यालाच प्रेत समजून गोळी घालतो. (अर्धशतक उलटलं, शेवट सांगितल्याबद्दल माफी मागणार नाही.) मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली होती. असा चित्रपट एकट्यानं बघून संपवला तर माणूस दिवा लावून झोपायला जातो. पंचवीस जणांत बघितला तर दारात घोळका थांबतो आणि कुणीतरी म्हणतं, त्यांनी खरंच ओळखलं नसेल का?

हा चित्रपट जगभरच्या सामुदायिक खेळांत इतका दिसतो त्याचं कारण मात्र कलेपेक्षा कारकुनीत आहे. वितरकानं ऐनवेळी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानं तेवढ्यानं हक्क गेला. इतर चित्रपटांबाबत आयोजक इथेच फसतात. घरी आणलेली डिस्क किंवा घरचं वर्गणीचं खातं म्हणजे सार्वजनिक खेळाची परवानगी नव्हे, तिकीट लावलं नाही तरी नव्हे. वाचनालयांसाठी असे परवाने देणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याकडे रीतसर जावं. स्टोकरच्या विधवेला जो न्याय लागू, तो आपल्यालाही.

अमेरिकेपुरतं बोलायचं तर १९३१ चे चित्रपट १ जानेवारी २०२७ ला स्वामित्वहक्कातून मोकळे होतात: बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’, कार्लोफचा ‘फ्रँकेन्स्टाइन’, आणि लुगोसीची मंडळी घरी गेल्यावर रात्री त्याच सेटवर दुसऱ्या नटांना घेऊन चित्रित झालेला स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ सुद्धा. इतर देशांत हिशेब वेगळे, ज्यानं त्यानं आपापला कायदा बघावा. पण अमेरिकेतली वाचनालयं त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दोन्ही ड्रॅक्युला लागोपाठ लावू शकतील, तेही परवान्यासाठी एक पैसा न मोजता. तो वाचलेला पैसा चांगल्या प्रतीवर घालावा आणि सभागृहाचे सगळे दिवे बंद होतात की नाही हे आदल्या दिवशी बघून घ्यावं.